आठ दिवस उसवायचं नाही

"मॅडम, काहीही हातात घेतलं की अर्ध्यावर सुटतं. माझ्यात चिकाटीच नाही." बेळगावात, टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे सतत कानावर पडतं. बोलणाऱ्या बहुधा पन्नाशीच्या आसपासच्या, मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेलेल्या. म्हणून एकीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून.

त्या वडगावच्या. घरात एकेकाळी माग होते. आता दिवाणाखाली एक पिशवी होती: मुलाच्या जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर, बांगड्या, साडीच्या पट्ट्या, चार अर्धवट तोरणं. काच काढलेल्या फोटोफ्रेमला वर-खाली सेंटिमीटरभर अंतराने बारीक खिळे ठोकून भिंतीवर लावायला काही विणत होत्या.

"दुपारी विणते, रात्री उसवते. व्हिडिओतल्यासारखं येईना."

रोज उसवून पुन्हा रोज बसणाऱ्या बाईत चिकाटी नाही, हे मला पटेना. काम पुरं होण्याआधीच त्या निकाल लावून मोकळ्या होत होत्या.

"आठ दिवस उसवायचं नाही. वाकडं आलं तर वाकडं. आहे तसं मला आणून दाखवा."

"लाज वाटंल हो."

"वाटू दे. लाजेसकट आणा."

त्यांनी आणलं. मधे कंबरेसारखं आवळलेलं, वर पुन्हा रुंद होत गेलेलं. मी एका ओळीवर बोट ठेवलं. "ही कधीची?"

"मंगळवारची. पोराचा फोन आला नव्हता, सगळे धागे ओढलेत बघा." बोट वर सरकलं. "ही बुधवारची. सासूबाई येऊन बसल्या. 'काय करूलायस गे?' म्हणाल्या. आडवा धागा ताणू नको, कमानीसारखा सैल टाक, मग फणीनं खाली बसव. तिथनं कडा सरळ यायला लागल्या." त्या बराच वेळ ओळीवरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "उसवलं असतं तर हे कळलंच नसतं की, मॅडम."

इतक्या वर्षांच्या कामात अशी मोजकीच मिनिटं मी जपून ठेवली आहेत. ते वाक्य मी सांगितलं असतं तर दारापर्यंतही टिकलं नसतं.

मन लागलं की करीन, असं बऱ्याच जणी म्हणतात. मी उलटं मानते: हात आधी, मन मागून येतं. म्हणून फ्रेम वहीएवढीच घ्या. उभा धागा न ताणणाऱ्या, मजबूत सुताचा लावा. आडव्याला लोकर, चिंध्या, काहीही चालतं. उसवलेली लोकर कुरळी असते, तिची लडी भिजवून खाली हलकं वजन लावून वाळवा. काम कपाटात नको, डोळ्यांसमोर ठेवा. पंधरा मिनिटं पुरेत, व्हिडिओ बंद. मात्र झोप, भूक आणि उमेद दोन आठवड्यांहून जास्त हरवली असेल, तर लोकरीवर भागवू नका; डॉक्टरांकडे जा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 वर बोला.

परवा त्या आल्या. विणकाम आता घराच्या पुढच्या सोप्यात लावलंय. शेवटच्या दोन ओळी सासूबाईंनी विणल्यात.

"सगळ्यात सरळ त्याच आहेत," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून दुसरी फ्रेम काढली.