वाचकांचे प्रश्न : परिपाठातली आरती

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो, बौद्ध आहोत. मुलगी नववीत, अनुदानित शाळा आहे. यंदापासून परिपाठात दर मंगळवारी आरती होते आणि सगळ्यांनी हात जोडायचेच. तिला नको वाटतं, पण मी बोलले तर बाई तिच्यावर डूख धरतील का ही भीती आहे. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, तुम्ही शाळेकडे सवलत मागत नाहीये. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही पूजाप्रार्थनेत किंवा धार्मिक शिक्षणात भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे शाळेनं तुम्हाला विचारायला हवं होतं, तुम्ही गप्प बसलात म्हणून ती संमती होत नाही. (पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत तर धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही, २८(१).)

आणि हे नुसतं कागदावर नाहीये हो, आपल्या नाशिकच्याच एका शिक्षकानं प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून शाळेनं त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली होती, ते मुंबई हायकोर्टात गेले आणि २०१३ साली कोर्टानं सांगितलं की अशी सक्ती चालणार नाही. शिक्षकावर चालत नाही तर नववीतल्या पोरीवर कशी चालेल?

काही जण म्हणतील मग सगळ्याच धर्मांच्या प्रार्थना घ्या. मला ते पटत नाही, सक्ती चारपट होते फक्त, आणि ज्या घरात कुठलाच देव नाही त्या मुलानं काय करायचं? धर्म शिकवा की, जरूर शिकवा. पांडवलेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरली, कुंभमेळा कसा भरतो, १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह का करावा लागला, हे नाशिकच्या प्रत्येक मुलाला माहीत पाहिजे. पण माहिती देणं वेगळं आणि हात जोडायला लावणं वेगळं.

मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या, कलमाचा उल्लेख करा, पोच घ्या. मुलीला एकटीला वर्गात बसवून ठेवू नका, सगळ्यांदेखत वेगळं पडणं हीसुद्धा शिक्षाच आहे, त्यामुळे आरती परिपाठाबाहेर, ऐच्छिक ठेवा असंच मागा. अजून दोनचार पालक सोबत आले तर बाईंचा राग एकट्या तुमच्या मुलीवर निघणार नाही. उत्तर नाहीच आलं तर जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, सोबत पोच लावलेली पत्राची प्रत जोडा.