लीड्समध्ये हिवाळ्यात एअरसॉफ्ट (प्लास्टिकचे छर्रे झाडणाऱ्या नकली बंदुकांचा खेळ) खेळायचं आहे. टोकियो मारुई या जपानी कंपनीच्या हाय-कापा ५.१ पिस्तुलात कोणता गॅस भरू? माहितीपुस्तिकेत १३४ए (फ्रिजमध्ये वापरतात तो वायू) लिहिलंय, दुकानदार ग्रीन गॅस म्हणतो आणि मित्र सीओटू (कार्बन डायऑक्साइड).

नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधा ग्रीन गॅस भरा. उन्हाळ्यात किंवा हॉलमध्ये खेळणार असाल तर कमी दाबाचा. सीओटू या पिस्तुलासाठी नाहीच.

पुस्तिका आणि दुकानदार दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांच्या डोक्यातलं तापमान वेगळं आहे. मॅगझिनमध्ये, म्हणजे छर्रे आणि गॅस भरायच्या पेटीत, गॅस द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक असेपर्यंत त्याचा दाब, मॅगझिन किती भरलंय यावर नाही, तर किती गार आहे यावर ठरतो. १३४ए चा दाब २० अंशांना हवेच्या दाबापेक्षा साधारण ४.७ बार जास्त असतो. मारुईची स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग), स्प्रिंगा आणि व्हॉल्व याच दाबाच्या हिशोबाने बनवलेले आहेत. तोच १३४ए ५ अंशांवर जेमतेम २.५ बार देतो. स्लाइड अर्धवट मागे येते, पुढचा छर्रा चढत नाही. ग्रीन गॅस म्हणजे प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल. तो २० अंशांना ७.३ बार देतो, पण ५ अंशांना ४.५. म्हणजे थंडीतला ग्रीन गॅस आणि घरातल्या उबेतला १३४ए दाबाच्या दृष्टीने जवळपास सारखेच. जुलैत मात्र तोच ग्रीन गॅस प्लास्टिकच्या स्लाइडवर दीडपट जोर लावतो. मग समोरच्या बाजूला बारीक चीर जाते, छर्रा पुढे ढकलणारं नोझल तुटतं, आणि लोक कंपनीला नावं ठेवतात. मेटल स्लाइड बसवलेली असेल तर वर्षभर ग्रीन गॅस चालेल. मात्र सोबत स्लाइड पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंगही थोडी कडक घ्या.

१३४ए चे कॅन २०१८ पासून युरोपात जवळजवळ दिसेनासे झाले, कारण हवामानावर जास्त परिणाम करणाऱ्या वायूंच्या अशा एरोसोलवर तिथे बंदी आली. त्यामुळे ‘कमी दाबाचा’ म्हणून जे मिळतं त्यात काय आहे ते कॅनच्या मागे वाचा. एचएफओ-१२३४झेडई हा वायू असेल तर तो उणे १९ अंशांना उकळतो, म्हणजे १३४ए पेक्षाही मवाळ. थंडीत त्याच्या नादी लागू नका. जास्त दाबाच्या गॅसना दिलेल्या लाल, काळा या रंगांवर तर अजिबात विसंबू नका. एका कंपनीचा ‘लाल’ दुसऱ्या कंपनीच्या ‘लाल’शी जुळेलच असं नाही. दाब फार चढला की व्हॉल्ववर आपटणाऱ्या हॅमरला तो व्हॉल्व पुरता उघडताच येत नाही, आणि गॅस कडक असूनही गोळी मंद जाते.

सीओटूची गोष्टच निराळी. २० अंशांना ५७ बार. त्याचं मॅगझिन वेगळं असतं: आत १२ ग्रॅमची नळी, तिला भोक पाडणारी सुई, आणि ते सगळं झेलणारा व्हॉल्व. ग्रीन गॅसच्या मॅगझिनमध्ये अडॅप्टर लावून सीओटू भरायचा प्रकार कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, मॅगझिन फुटू शकतं.

सलग गोळ्या झाडल्या की काय होतं ते लग्नाच्या मांडवात पाहिलं असेल: मोठ्या शेगडीला जोडलेल्या सिलिंडरला खालून दव धरतं, कधी बर्फही. द्रवाची वाफ होताना उष्णता सिलिंडरातूनच ओढली जाते. मॅगझिनचंही तेच, फक्त ते तळहाताएवढं. ३१ गोळ्या भराभर संपवल्या तर शेवटच्या दहा नक्की ढिल्या जातील. दोन मॅगझिन ठेवा आणि एक कायम जॅकेटच्या आतल्या खिशात. हीटर, गरम पाणी, गाडीचा डॅशबोर्ड हे उबेचे मार्ग नाहीत. कॅनही ५० अंशांखालीच ठेवायचा.

भरताना मॅगझिन उलटं धरा, व्हॉल्व वर. कॅन त्यावर उलटा, सरळ रेषेत दाबा. कॅन उभा ठेवला तर नुसती वाफ जाते आणि दहा गोळ्यांत खेळ संपतो. चार-पाच सेकंद पुरतात. व्हॉल्वमधून द्रव उलटा फवारू लागला की थांबा. काठोकाठ भरलं तर वाफेला जागा उरत नाही, पहिल्या काही गोळ्यांसोबत पांढरा द्रव बाहेर पडतो आणि स्लाइड जडावते. गार मॅगझिन चांगलं भरतं, तेव्हा आधी भरा, मग ऊब द्या. सिगारेट लांब, कारण हे प्रोपेन आहे. घरच्या एलपीजीवरून भरायचा जुगाड मात्र नको.

कॅम्पिंगची प्रोपेन बाटली आणि अडॅप्टर स्वस्त पडतं, पण त्यात तेल नसतं. दर पाच-सहा भरणांना अडॅप्टरमध्ये सिलिकॉन तेलाचे एक-दोन थेंब टाका, नाहीतर ओ-रिंग (रबराची गोल सीलं) कोरड्या पडून गळू लागतात. पिस्तुलाच्या नळीच्या आत आणि छर्र्याला फिरकी देणाऱ्या हॉप-अपच्या रबराला मात्र तेल लागू देऊ नका. तिथे तेल गेलं की छर्रे वेडेवाकडे जातात. कापड लावलेली काडी फिरवून पुसून घ्या.

गळतंय अशी शंका आली तर मॅगझिन पाण्याच्या ग्लासात बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते पाहा: खालचा भरायचा व्हॉल्व असेल तर तो चपट्या हत्याराने काढून ओ-रिंग बदला, तळाच्या पट्टीतून असतील तर गॅस्केट. आधी सगळा गॅस सोडून द्या. कपाटात ठेवताना मात्र मॅगझिन पूर्ण रिकामं नको, थोडा गॅस राहिला की सील बसलेली राहतात.

गॅस बदलला की क्रोनोग्राफवर (छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पुन्हा मोजा. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर गेला की बरोबर १ जूल, म्हणजे ३२८ फूट. ब्रिटनमध्ये एकेक गोळी झाडणाऱ्याला कायद्याने २.५ जूलपर्यंत मुभा आहे, पण मैदानाची मर्यादा बहुधा त्याहून बरीच कमी असते, ती आधी विचारा. आणि जड छर्रा वापरणार असाल तर त्याच छर्र्याने मोजा. गॅस पिस्तुलात वजन वाढलं की जूलही वाढतात.

सुट्टीला पुण्याला जाताना कॅन बॅगेत टाकू नका. विमानात हे नेता येत नाहीत.