बाल्कनीतल्या सुतारकामात उरलेल्या तुकड्यांची तीन पोती भरली आहेत. त्यांचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुकडे सागवान, खोक्यांचं पाइन आणि प्लाय असे मिसळलेले आहेत, जागा म्हणजे ८ बाय ४ फुटांची बाल्कनी आहे, आणि त्यातून काय काय बनवता येईल हे तुम्हाला हवंय. माझं म्हणणं, वस्तूंची यादी नंतर. आधी तुकड्यांना माप द्या. ते पडून राहतात कारण प्रत्येकाची जाडी आणि रुंदी वेगळी असते. एका मापाच्या पट्ट्या झाल्या की तेच पुन्हा लाकूड होतं, आणि लाकडाचं काय करायचं हे तुम्हाला येतंच.

पोती उपसा आणि आधी निवड करा. सागाच्या सालीकडच्या पांढरट कच्च्या भागाला कीड लागते, गाभ्याला सहसा नाही. तुकडा फरशीवर आपटल्यावर पिठासारखी बारीक भुकटी पडली तर तो त्याच दिवशी घराबाहेर काढा, कारण शेजारच्या तुकड्यांतला कच्चा भागही ती कीड पोखरते. परदेशी मालाच्या खोक्यांवर नि पॅलेटवर शिक्का असतो. एचटी म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते वापरा. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नको. जुन्या दार-खिडक्यांच्या सागावर लोहचुंबक फिरवल्याशिवाय करवत लावू नका. आत तुटलेला खिळा असला तर रंध्याचं पातं गेलंच.

काय ठेवायचं? साग ६ इंच लांब आणि १ इंच रुंद असेल तर ठेवा. पाइन १२ इंचांच्या आतलं ठेवण्यात अर्थ नाही, ते स्वस्त आणि मऊ आहे. प्लाय ४ इंचांपेक्षा अरुंद असेल तर त्याचा उपयोग फक्त क्लॅम्पखाली (लाकूड आवळून धरायच्या शिकंजाखाली) घालायच्या गाद्या, पाचरी आणि करवतीवर तुकडा पुढे सारायची काठी एवढाच. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीचे, तुकडे नमुने कापण्यापुरते ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा पाणी पिऊन फुगतात आणि परत पूर्ववत बसत नाहीत.

जे ठेवाल ते गोणीत नको, उभं ठेवा. चार इंची पीव्हीसी पाइपचे फूट-दीड फुटाचे तुकडे एकत्र बांधले की लांबीप्रमाणे कप्पे होतात. जमिनीपासून दोन इंच वर ठेवा, आणि ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने महिना लिहा. एक पावसाळा उलटून गेला तरी हात लागला नाही, तर तो द्यायचा.

आता पट्ट्या. सागासाठी दीड इंच रुंद आणि ७ सूत जाड (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हे कच्चं माप मला सर्वांत सोयीचं वाटतं. चिकटवून रंधा मारल्यावर ६ सूत, म्हणजे पाऊण इंच उरते. आखूड तुकडा यंत्रावर कापताना हात पात्याजवळ जातो आणि तुकडा उलटा उडतो. म्हणून १२ इंचांपेक्षा लहान काहीही सुटं कापू नका. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने ते लांब फळीवर बसवा आणि फळीसकट सरकवा. जाडी काढायच्या यंत्रातही आखूड तुकडा रोलरच्या मधे अडकतो, तेव्हा आधी जोडा आणि मग जाडी काढा.

या पट्ट्यांचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे पाट. गणपतीला लागतो, जेवायला लागतो, आणि आखूड तुकडे त्यात खपतात. १८ इंच लांब, १२ इंच रुंद पाटाला दीड इंची आठ पट्ट्या लागतात. बाहेरच्या दोन अखंड घ्या. आतल्या सहा विटांच्या भिंतीसारख्या तुकड्यांतून जुळवा, पण शेजारच्या ओळींतले सांधे एकमेकांपासून निदान ४ इंच दूर हवेत. लाकडाच्या टोकाचा आडवा काप फेविकॉल पिऊन टाकतो, तो सांधा जवळजवळ काहीच भार घेत नाही. सगळी ताकद लांबीच्या कडांची असते. सगळ्या पट्ट्यांच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, एकाच दिशेला करून बाण काढून ठेवा, नाहीतर रंधा मारताना एक पट्टी गुळगुळीत होईल आणि शेजारच्या पट्टीची रेषा उचकटेल. सागाबरोबर पाइन मिसळू नका. पॉलिश पेपर मारताना पाइन खाली जातं आणि पाटावर खोलगट पट्टे उमटतात.

सागात तेल असतं. कडेला रंधा मारल्यावर शक्यतो त्याच दिवशी चिकटवा, आणि त्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. फेविकॉलचा मरीन प्रकार घ्या. तीन क्लॅम्प लावा, दोन खालून आणि मधला वरून. सगळे एकाच बाजूने लावले तर पाट कमानीसारखा वाकतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा. तो रेषांत मुरतो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग दिसतात. अर्ध्या-पाऊण तासाने तो रबरासारखा झाला की पटाशीने सोलून काढा. क्लॅम्प रात्रभर राहू द्या आणि पावसाळ्यात रंधा मारायला आणखी एक दिवस थांबा. गोंदाच्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. घाईने सपाट केलंत तर वाळल्यावर प्रत्येक सांध्यावर बारीक चर पडते.

पाट फुटतो तो खालच्या पायपट्ट्यांमुळे, आणि चांगल्या कारागिराचं कामही इथेच बिघडताना दिसतं. हवेतला दमटपणा ८५ टक्के असला की लाकडात १७-१८ टक्के पाणी राहतं, ६० टक्क्यांना ते ११च्या आसपास येतं. एवढ्या फरकाने १२ इंच रुंदीचा साग सुमारे एक सूत फुगतो किंवा आकसतो, तोही फक्त रुंदीत, लांबीत नाही. पायपट्टी मात्र पाटाच्या रुंदीत आडवी बसते, म्हणून तिची लांबी बदलत नाही. ती पूर्ण चिकटवली किंवा घट्ट स्क्रूने आवळली की जुलैत पाट वाकतो आणि थंडीत तडकतो.

म्हणून पायपट्टी साडेदहा इंच लांब, ९ सूत उंच घ्या. मधल्या स्क्रूचं भोक गोल ठेवा आणि गोंद फक्त त्याच्याभोवती दोन इंच लावा. दोन्ही टोकांची भोकं पट्टीच्या लांबीत लांबट करा, स्क्रूच्या जाडीपेक्षा दोन सूत जास्त. वॉशर बसायला १ सूत खोल खाच करा. मग दीड इंची स्क्रू पाटात अर्धा इंचच जातो आणि वर टोक येत नाही. टोकाचे स्क्रू आवळल्यावर पाव फेरा सैल करा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस हवेत, कारण इथल्या खारट दमट हवेत लोखंड गंजतं आणि सागावर काळे डाग सोडतं. पितळी स्क्रू मऊ असतो, भोक आधी पाडलं नाही तर मान तुटते. पॉलिशचे हात वर-खाली दोन्हीकडे सारखेच द्या. एकच बाजू बंद केली की पाट परातीसारखा वळतो.

भाजी चिरायच्या फळीला प्लाय, पॅलेट किंवा जुनं पॉलिश असलेलं लाकूड वापरू नका. प्लायच्या पट्ट्यांचे खणांचे तळ, मधले कप्पे छान होतात. कडेला दोन सूत जाड सागपट्टी लावली की थर दिसत नाहीत.

राहिला भुसा. फटी भरायला फेविकॉलमध्ये कालवतात, पण तो भाग पॉलिश घेत नाही आणि डाग राहतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात सागाचीच बारीक भुकटी घातली तर जुळतं. कंपोस्टच्या डब्यात फक्त अखंड लाकडाचा भुसा मूठ-मूठ घाला. प्लाय-एमडीएफच्या भुशात फॉर्मल्डिहाइडवाला चिकट पदार्थ असतो, तो कुंडीत नको, चुलीत तर मुळीच नको. तो पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या. पॉलिश पेपर मारताना मास्क लावा, सागाची धूळ घसा आणि त्वचेला त्रास देते.

आणि एक गोष्ट विसरू नका. जवसाचं तेल लावलेलं फडकं भुशाच्या पोत्यावर किंवा डब्यात चुरगाळून टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि ढिगात उष्णता कोंडून आपोआप पेट घेतं, काडी लागत नाही. फडकं दोरीवर उलगडून वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.