गॅरेजच्या दारातून : पंप मेला म्हणण्याआधी

प्रश्न : मी इंग्लंडात लेस्टरला राहते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांकडून 1973 ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघड्या टपाची गाडी) घेतली. ऑक्टोबर ते एप्रिल ती गॅरेजात झाकून असते. या मेमध्ये तंबू, स्टोव्ह, अंथरूण-पांघरूण असं सगळं डिकीत कोंबून आम्ही पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात गेलो. जाताना काही तक्रार नव्हती. परत निघायच्या सकाळी सामान भरलं, सेल्फ मारला, तर इंजिन फिरतं पण पकडत नाही. पूर्वी चावी फिरवली की मागून टिकटिक यायची, ती बंद. नवऱ्याने पेट्रोलच्या पंपावर पान्याने ठोकलं, दोनदा टिक झालं आणि पुन्हा शांत. गाडी ओढून आणली. गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत "पंप मेला, नवा घाला" असं सांगितलं. खरंच मेला असेल का? माझ्याकडे मल्टिमीटर आहे आणि हात काळे करायची तयारी आहे. (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : ताई, तुम्ही टिकटिकीचं लिहिलंत म्हणून अर्धं काम झालं. बहुतेक लोक "गाडी बंद पडली" एवढंच लिहितात आणि मला इथे कोल्हापुरात बसून पंचांग बघायला लावतात.

हा पंप माझ्या जुन्या ओळखीचा. उद्यमनगरात मी वस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा एका डॉक्टरांची मॉरिस मायनर आमच्याकडे यायची. तिलाही एसयूचाच विजेवरचा पंप, फक्त बोनेटखाली. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, स्किनर बंधूंची कंपनी. विल्यम मॉरिसने ती 1926 मध्ये विकत घेतली. एमजीतला एम म्हणजे मॉरिसच, त्यामुळे दोन्ही गाड्यांत एकच घराणं. डॉक्टरांची मायनर अशीच मुकी झाली. मी शहाणपणा करून मुंबईहून नवा पंप मागवायला लावला, बसवला, चावी फिरवली, आणि नवा पंपही मुका! वस्ताद काही बोलले नाहीत. पंपाची अर्थची वायर, म्हणजे करंट परत नेणारी, काढून हातात दिली. टोकाला हिरवा कीट चढला होता. डॉक्टरांनी पंपाचे पैसे दिले, ते मला आजही टोचतं.

आता पंपाच्या आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे तपासणी पाठ करावी लागणार नाही. आत एक कॉइल आहे. करंट आला की ती डायफ्रामला, म्हणजे लवचिक पडद्याला, ओढते आणि टाकीतलं पेट्रोल पंपात येतं. ओढ पूर्ण झाली की मागची छोटी कमानीची यंत्रणा पटकन उलटते आणि पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे ठिपके, उघडतात. करंट तुटतो. मग स्प्रिंग डायफ्रामला परत ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. ढकलून झालं की पॉइंट पुन्हा मिटतात. ही एक टिक. दोन्ही कार्बोरेटरचे फ्लोट, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या, भरले की सुया रस्ता बंद करतात. स्प्रिंगला ढकलायला जागा उरत नाही, पॉइंट उघडेच राहतात आणि पंप गप्प बसतो. म्हणजे पोट भरलेला पंपही गप्पच असतो. एमजीबीत चावी फिरवल्यावर टिकटिक सुरू होऊन हळूहळू थांबली तर तब्येत ठणठणीत. सुरुवातीपासून एकही टिक नाही आणि फ्लोट रिकामे, तर मात्र दुखणं.

म्हणून पहिलं काम फ्लोट रिकामे आहेत का ते बघणं. कार्बोरेटरकडे येणारी रबरी नळी काढा आणि तिचं तोंड काचेच्या बरणीत धरा. प्लास्टिकची बाटली नको, तिच्यावर स्थिर वीज साठते. इंजिन गार हवं, दार उघडं हवं, आग विझवायचं नळकांडं हाताशी हवं आणि नवऱ्याला सिगारेटची सवय असेल तर त्यांना बाजारात पाठवा. सेल्फ मारू नका, फक्त चावी इग्निशनवर. पंप ठीक असेल तर अर्ध्या मिनिटात साधारण अर्धा लिटर यायला हवं. याहून जास्त वेळ इग्निशन चालू ठेवू नका. इंजिन फिरत नसताना डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट मिटलेले असले तर इग्निशन कॉइल तापत राहते, आणि एक रोग शोधताना दुसरा तयार होतो.

बरणी कोरडी राहिली की डिकी रिकामी करा. तुमच्या गाडीत पंप उजव्या मागच्या चाकाजवळ आहे, पण त्याचं विजेचं टोक डिकीत डोकावतं. म्हणूनच तुमचं पत्र वाचताच माझ्या डोक्यात तुमचा तंबू आला. स्टोव्हचा किंवा जॅकचा कोपरा त्या टोकाला लागून वायर निसटणं ही या गाडीची जुनी खोड आहे. तेव्हा आधी पांढरी वायर जागेवर आहे का बघा. ल्युकास या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या रंगांत पांढरी म्हणजे इग्निशनमधून येणारी आणि काळी म्हणजे अर्थची.

मीटर आहे म्हणता, छान. पण या कामाला मी मीटरआधी टेस्ट लॅम्प घेतो. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब आणि त्याला दोन वायरी, संपलं. कारण सांगतो. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीच्या दहा तारांतली एकच शाबूत असली तरी तो ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, म्हणून त्याच्यापुढे खोटं टिकत नाही. गॅरेजवाल्याने बहुधा मीटर लावला, 12 बघितले आणि पंपाचा मृत्युदाखला लिहिला.

बल्ब दोनदा लावायचा. पहिल्यांदा पांढरी वायर पंपावरून काढून बल्बचं एक टोक तिला आणि दुसरं डिकीतल्या घासून चकचकीत केलेल्या पत्र्याला. जोडून झाल्यावरच इग्निशन चालू करायचं, पेट्रोलच्या वासात ठिणगी पाडायची नाही. बल्ब लख्ख लागला तर पुढून येणारा करंट बरोबर. मिणमिणला तर पांढऱ्या वायरीचे गोल जोड एकेक उघडून बघा. अर्धशतक ओल खाल्लेले जोड आहेत ते. दुसऱ्यांदा बल्बचं पहिलं टोक पांढऱ्या वायरीलाच ठेवून दुसरं पंपाच्या अंगावर अर्थची वायर बसते तिथे लावा. आता करंटला पंपाच्या काळ्या वायरीतूनच परत जावं लागेल. पंप रबराच्या पट्ट्यात धरलेला असतो, त्याला गाडीच्या पत्र्याची अर्थ आपोआप मिळत नाही. इथे बल्ब मंद झाला तर पंप बिचारा निर्दोष.

दोन्ही वेळा लख्ख लागला आणि तरी पंप गप्प, तरच पंपावर संशय घ्यायचा. तुमच्या नवऱ्याने ठोकल्यावर दोन टिक आल्या, हे ऐकून कुणीही म्हणेल की पॉइंट गेले. असेलही. सहा-सहा महिने उभ्या गाडीत पॉइंटवर काळपट थर येतो आणि ठोकलं की तो क्षणभर फुटतो. पण ठोकताना वायरही हलते, हे लोक विसरतात. त्या दोन टिकांचा पुरावा मी धरत नाही. आणि ठोकायचंच तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने, धातूच्या अंगावर. टोकाची काळी टोपी बेकेलाइटची असते, पान्याचा एक घाव तिला पुरतो.

पॉइंट साफ करायचे असतील तर टोपी काढून मध्ये बारीक पॉलिश पेपरची पट्टी ओढा, मग कोरा कागद ओढा. खड्डे पडले असतील तर साफसफाईने महिना-दोन महिने निघतील, पुढे पॉइंटचा संच बदला. पॉइंट मिटलेले आहेत, करंट आहे, अर्थ आहे, तरी डायफ्राम हलत नाही, असं असेल तर कॉइल जळाली किंवा डायफ्राम आखडला. तेव्हा मीही म्हणेन, मेला.

टिकटिक परत आली की तिची चाल ऐका. बंदुकीसारखी तडतड चालली आणि थांबेचना, तर पंप हवा ओढतोय : टाकी रिकामी किंवा टाकीकडच्या नळीला चीर. संथ टिकटिक आणि पेट्रोल कमी, तर कुठेतरी कचरा अडकलाय. फ्लोट भरल्यावरही दर दोन-चार सेकंदाला टिक येत राहिली तर कुठेतरी गळतंय, किंवा पंपाचा व्हॉल्व्ह, नाहीतर फ्लोटची सुई नीट बसत नाही. वीस मिनिटं चालून गाडी बंद पडते, थोडं थांबलं की चालते, असं झालं तर टाकीचं झाकण सैल करून बघा. फुस्स करून हवा आत गेली तर टाकीला श्वास घ्यायची वाट बुजली आहे.

पेट्रोलबद्दलही एक. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. 1973 च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. सुपर पेट्रोलमध्ये ते पाच टक्क्यांपर्यंत असतं, तेच भरा, आणि नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या घाला.

ता. क. अंक छपाईला जाण्याआधी ताईंची दुसरी मेल आली. माझा तंबूचा अंदाज साफ चुकला, पांढरी वायर घट्ट होती. पहिल्यांदा बल्ब लख्ख, दुसऱ्यांदा "उदबत्तीएवढा". काळी वायर डिकीच्या पत्र्यावर जिथे स्क्रूने धरली होती तिथे रंगाखाली गंज. घासून, नवा स्क्रू लावल्यावर "आधी भराभर वीसेक टिका, मग हळू, मग शांत". मधल्या काळात घेऊन ठेवलेला नवा पंप परत करू का, असं त्या विचारतात. नको ताई, ठेवा. आतले पॉइंट तेच जुने आहेत, आणि पीक डिस्ट्रिक्टमधून गाडी ओढून आणायचा खर्च तुम्हाला माहीत झालाय. फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा, फक्त त्या टोकापासून लांब.

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी उन्हाळ्यात घाटात हमखास बंद पडते. अर्ध्या तासाने चालू होते. मेकॅनिक पंप बदल म्हणतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचा पंप विजेचा नाही, इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालणारा आहे, आणि तो इंजिनलाच चिकटून तापतो. पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि पंप वाफ दाबत बसतो. घाटातले जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते उगाच नाही. पुढच्या वेळी तेच करा. पाच मिनिटांत गाडी चालू झाली तर रोग वाफेचा, पंपाचा नाही. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जात असेल तर ती लांबून न्या. गार गाडीही कुरकुरत असेल तर डायफ्राम फाटल्याची शक्यता आहे. अशा वेळी पेट्रोल इंजिनच्या तेलात उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका, आणि पंपाबरोबर तेलही बदला.