विचारा काकांना : चौथ्या ढिगावरच का आपटतो?

प्रश्न : काका, दिवाळीत मामानं नागपूरहून जुना कॉम्प्युटर अन् गेम खेळायचा एक रिमोट आणून दिला. त्यात एमएक्स व्हर्सेस एटीव्ही रिफ्लेक्स हा मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक-शर्यतीचा, गेम आहे. उड्या मले जमतात, वळणंही जमतात. पण सुपरक्रॉसच्या, म्हणजे स्टेडियममधल्या, ट्रॅकवर ते एकाला एक लागून मातीचे ढीग येतात ना, व्हूप्स, तिथं मी पडतोच. पहिला निघते, दुसरा निघते, तिसऱ्यावर गाडी हलाले लागते अन् चौथ्यावर मी डोक्यावर. हळू नेली तर अजून लवकर पडतो. आतेभाऊ म्हणते पूर्ण रेस दाब. दाबली, तर गाडी मागं उलटली. आबाजी बाजूले बसून हसतात. काय करू?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : बाबू, तुझं पत्र वाचलं अन् मला माझे दुधाचे कॅन आठवले.

कॉलेजात असताना दोन वर्षं मी पहाटे कारंज्याला दूध पोचवायचो. जुनी राजदूत, दोन्ही बाजूंना एकेक कॅन. गावापासून डांबरी लागेपर्यंत मुरमाचा रस्ता, आणि त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आडव्या सुरकुत्या पाडलेल्या, छपरावरच्या पत्र्यासारख्या. हळू गेलो की प्रत्येक खाचेत चाक उतरायचं, झाकणं वाजायची, मणके मोजून घ्यावे असे हादरे. काटा चाळीसच्या आसपास गेला की एकदम शांत. चाक खाचेत उतरायला वेळच उरायचा नाही, माथ्यामाथ्यावरून निघून जायचं. पण चाळीसला पोचायच्या आधी वीस ते तीस हा टप्पा फार वाईट. तिथं घाबरून रेस सोडली की दूध रस्त्यावर. माझं दोनदा सांडलं. दुसऱ्या वेळी घरी काय झालं ते इथं छापण्यासारखं नाही.

व्हूप्सचं गणित हेच, फक्त सुरकुती बोटभर नसून दोन-तीन फूट उंच. समज दोन माथ्यांमध्ये ३ मीटर अंतर आहे. ताशी २५ किलोमीटरनं गेलास तर एका माथ्यावरून दुसऱ्यावर जायला साधारण ०.४३ सेकंद लागतात, आणि मोकळी वस्तू तेवढ्या वेळात सुमारे ९० सेंटिमीटर खाली पडते. म्हणजे चाक थेट तळाला, आणि समोर पुढच्या ढिगाची भिंत. आता ५० नं जा. वेळ निम्मा, पण पडणं निम्मं नाही, चौथा हिस्सा होतं : जेमतेम २३ सेंटिमीटर. मोटोक्रॉसच्या गाडीचं सस्पेन्शन ३० सेंटिमीटरच्या आसपास खालीवर होतं. तेवढा खड्डा ते पोटात घेतं आणि चाक पुढच्या माथ्याला वरून टेकतं. हळू नेल्यावर तू लवकर का पडतोस, याचं उत्तर इथंच आहे.

मग चौथ्यावरच का? कारण चूक चौथ्यावर होतच नाही, ती पहिल्याच्या आधी होते. तू वळणातून बाहेर पडतोस, वेग अर्धवट, पुढचं चाक जमिनीला चिकटलेलं. पहिला ढीग गाडीचं नाक थोडं उचलतो, दुसऱ्यावर ते थोडं जास्त आपटतं, तिसऱ्यावर आणखी. झोक्याला दर फेरीत कोणी धक्का द्यावा तसं ते वाढत जातं. तिसऱ्यावर गाडी हलली की तू घाबरून ट्रिगर, म्हणजे रिमोटवरचं रेसचं बटण, सोडत असशील. सोडतोस ना? रेस सुटली की भार पुढं येतो, नाक खाली जातं, अन् चौथा ढीग त्याचीच वाट पाहत असतो. पुढच्या खेपेला स्वतःच्या बोटाकडे ध्यान दे, पडलेल्या गाडीकडे नको.

तुझ्या गेममध्ये रिमोटच्या डाव्या स्टिकवर (अंगठ्यानं फिरवायची ती छोटी दांडी) हँडल आहे आणि उजव्या स्टिकवर स्वाराचं अंग. २००९ च्या या गेमची गंमतच ती. व्हूप्समध्ये सगळं काम उजव्या अंगठ्याचं. वळणातून निघालास की आधी गाडी सरळ कर, मग रेस. पहिल्या ढिगाच्या थोडं अलीकडे उजवी स्टिक मागं ओढ, म्हणजे स्वाराचं वजन मागच्या चाकावर जाईल, नाक हलकं होईल आणि पुढचं चाक पहिल्या ढिगाच्या चढाला धडकण्याऐवजी माथ्यावरून निघेल. तिथून पुढं मागचं चाक ढकलतं, पुढचं नुसतं माथे चाटत जातं. असं चाटत जाणं जमलं की ढिगांची संख्या मोजायचीसुद्धा गरज राहत नाही.

आतेभाऊ अर्धा बरोबर आहे. रेस धरून ठेवायची, हे खरं. पण स्टिक पूर्ण मागं आणि ट्रिगर पूर्ण दाबलेला, असं दोन्ही एकदम केलंस तर गाडी उलटणारच, त्यात तिचा काय दोष? स्टिक मागं अर्ध्याहून थोडी जास्त ओढ. मागचं चाक वर फेकलं जातंय असं वाटलं की आणखी थोडी मागं, नाक जास्तच वर चाललं की थोडी सैल. डवऱ्यामागं चालताना रुमण्यावर हात कसा असतो, आबाजींना विचार. दाबूनही धरत नाहीत, सोडूनही देत नाहीत. (हसतात ते, तर त्यांनाच शिकवू दे.)

डावा अंगठा मात्र गप्प ठेव. व्हूप्सच्या मधोमध हँडल वळवलं की चाक तिरपं टेकतं आणि गाडी आडवी. रेघ आधीच निवडायची. या गेममध्ये माती खरोखर दबते, दर फेरीला चाकोऱ्या खोल होतात. पहिल्या फेरीत चांगली असलेली मधली वाट तिसऱ्या फेरीत बैलगाडीच्या रस्त्यासारखी होते, तेव्हा काठाची वाट पाहून ठेव.

वेग गेलाच, तर पुन्हा माथे चाटायचा हट्ट नको. मधे वेग मिळत नाही. दोन-दोन ढीग उडी मारून ओलांड, नाहीतर सरळ उतरत-चढत बाहेर पड. खरे स्वारही तेच करतात : ढीग झिजून वेडेवाकडे झाले की माथ्यावरून जाणं सोडून उड्यांवर येतात. आणि पडता पडता स्क्रीनवर बाण दिसला, तर त्या दिशेला उजवी स्टिक झटकन मार, गाडी सावरते. तो बाण मिळतो म्हणून लोक निष्काळजी होतात, ती वेगळी गोष्ट.

आठ दिवस शर्यत लावूच नको. एकटाच ट्रॅकवर जा, आणि वेळ न बघता किती ढीग पार झाले ते वहीत लिही. तिनाचे सहा झाले की मला कळव.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मी तुझ्या वयाचा होतो म्हणून सांगतो. बाबांची गाडी घेऊन वावरातल्या सऱ्या-वरंब्यांवर हा प्रयोग करू नको. साध्या गाडीचं सस्पेन्शन मोटोक्रॉसच्या निम्मंही खालीवर होत नाही. फोर्क वाकला तर पत्र आबाजींच्या अक्षरात येईल.

प्रश्न : मी मोबाइलवर बाजूनं दिसणारा बाइकचा गेम खेळते. तिथं स्टिक नाही, पुढं झुका-मागं झुका एवढीच बटणं. हेच लागू पडतं का?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : बरंचसं. नाक थोडं वर ठेवून ढिगांत शिरायचं, हे सगळीकडे तेच. आमच्या लहानपणी जत्रेत मिळायच्या त्या शेकडो गेमवाल्या कॅसेटमध्ये एक्साइटबाइक असायचा, मूळचा १९८४ चा. त्यातही छोट्या उंचवट्याआधी नाक उचललं नाही की स्वार गडगडत बाजूला जायचा. तुझ्या गेममध्ये फरक इतकाच की बटण एकतर दाबलेलं किंवा सुटलेलं, अर्धं दाबता येत नाही. म्हणून धरून ठेवू नको, टकटक टिचक्या मार. आणि हवेत असताना गाडी उताराला समांतर कर, दोन्ही चाकं सोबत टेकली पाहिजेत. स्क्रीनवर घामाचा अंगठा घसरतो. मी बाजूला रुमाल ठेवतो, बायको हसते.