रस्ता रुंद केल्याने अपघात खरोखर कमी होतात का, आणि त्यासाठी बांधालगतची जमीन द्यावी का?

होय, कमी होतात. परंतु रस्ता सलग रुंद झाला तरच. मध्येच एखादे वळण किंवा एखादी मोरी जुन्या रुंदीची राहिली, तर पूर्वी नव्हता असा धोका त्या जागी निर्माण होतो. आपण लिहिले आहे की, आपल्या गावचा पावणेचार मीटरचा रस्ता साडेपाच मीटर करण्यासाठी मोजणी सुरू झाली आहे, त्यात आपल्या उसाच्या बांधालगतची सुमारे दीड गुंठा जमीन जाणार आहे, आणि ‘रस्ता रुंद झाला की गाड्या सुसाट धावतात, अपघात उलट वाढतात’ असे आपले शेजारी सांगत आहेत. हेच वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आमचे गाव कोल्हापूर–राधानगरी रस्त्यापासून आत, भोगावतीकाठच्या शिवारात आहे. गावाला जोडणारा रस्ता तेव्हा एकपदरी, म्हणजे ३.७५ मीटरचा होता. बस, ट्रक किंवा ट्रॉली यांची रुंदी नियमानुसार २.६ मीटरपर्यंत असू शकते. समोरासमोर आलेल्या दोन मोठ्या गाड्यांना नुसते उभे राहायचे म्हटले तरी ५.२ मीटर जागा लागते. त्यामुळे एकपदरी रस्त्यावर दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते. गळीत हंगामात, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उलटण्याच्या भीतीने खाली उतरत नाही. उतरतो तो दुचाकीस्वार. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला माणूस, मागे कॅन बांधलेले, आणि प्रत्येक डांबरीकरणात रस्ता उंच होत गेल्यामुळे व साइडपट्टीवर मुरूम कोणीच न टाकल्यामुळे कडेला पडलेली वीतभर खोल पायरी. त्या कडेवरून घसरून हातपाय मोडलेली माणसे आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. रस्ता रुंद करा, ही मागणी त्यातून आली होती. कोणाला वेगाने गाडी चालवण्याची हौस होती म्हणून नव्हे.

२०१० च्या उन्हाळ्यात मोजणी झाली. आमच्या वडिलांची, म्हणजे आबांची, सव्वादोन गुंठे जमीन रस्त्यात जात होती. त्यात आंब्याचे एक जुने झाड होते आणि पाण्याची पाइपलाइनही हलवावी लागणार होती. ‘आपलाबी ऊस ह्याच वाटनं जातोय’ एवढेच बोलून आबांनी संमती दिली. त्यांना मोबदला मिळाला नाही. गावात काही जणांनी त्यांना भोळा म्हटले, आणि घरातल्या काहींनी त्याहून कडक शब्द वापरले. माझ्या मते त्या मोजणीत सर्वांत शहाणपणाचा निर्णय त्यांचाच होता, आणि हे मी इथे स्पष्टपणे लिहून ठेवत आहे.

आमच्या शेताला लागून धाकट्या चुलत्यांचे, तात्यांचे, शेत आहे. रस्त्याचे सर्वांत वाईट वळण नेमके तिथे असून वळण संपता संपता ओढ्यावरची मोरी आहे. वळण सरळ करायचे तर तात्यांची चार गुंठे जमीन जाणार होती. त्यांनी नकार दिला. रस्ता ज्या खात्याच्या ताब्यात होता, त्याने वाटाघाटी करण्याऐवजी सोपा मार्ग स्वीकारला: वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे साडेपाच मीटर रुंदी केली, वळण आणि मोरी आहे तशी ठेवली. ‘पुढे रस्ता अरुंद आहे’ असा साधा फलकही लावला नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका संध्याकाळी, तात्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, मोटारसायकलवरून घरी येत होता. मोरीवर समोरून ट्रक आल्यामुळे उसाचा एक ट्रॅक्टर वळणात थांबलेला होता. मागच्या ट्रॉलीला दिवा नव्हता आणि रिफ्लेक्टरही नव्हता. वळणाच्या आतल्या बाजूला पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला ऊस अगदी डांबराच्या कडेपर्यंत उभा होता. चुलतभाऊ मागून ट्रॉलीवर आदळला. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. आबांनीच त्याला जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेले आणि रात्रभर दवाखान्यात बसून राहिले. पहाटे तात्या आले आणि सर्वांसमोर म्हणाले, ‘दादा, तुम्ही जमीन दिलीसा म्हणून माझं पोरगं पडलं. रस्ता बारका असता तर गाडी एवढ्या जोरात आलीच नसती.’ आबा काहीच बोलले नाहीत. त्या विषयावर ते पुढेही कधी बोलले नाहीत, आणि त्यांच्या त्या मौनाचा अर्थ घरात सर्वांनी अपराधाची कबुली असा लावला.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन त्या जागी गेलो. वळणात शिरताना उसाच्या आडोशामुळे पुढचा रस्ता जेमतेम तीस मीटर दिसत होता. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी चालकाला धोका दिसल्यापासून कोरड्या डांबरावर साधारण पंचवीस मीटरमध्ये थांबते. ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर सुमारे पंचेचाळीस मीटर लागतात, कारण वेग दीडपट झाला की ब्रेकचे अंतर सव्वादोनपट होते. जुन्या रस्त्यावर चुलतभाऊ ४० च्या पुढे जाऊ शकत नव्हता. रुंद झालेल्या सरळ भागात तो ६० पर्यंत गेला असणार, आणि त्याच वेगाने जुन्या वळणात शिरला. तात्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे: रुंद रस्त्यावर वेग वाढतो. तेवढ्यापुरते आपले शेजारीही खरे बोलत आहेत. परंतु अपघात आबांनी दिलेल्या सव्वादोन गुंठ्यांत झाला नाही. तो न दिलेल्या चार गुंठ्यांत झाला. रस्त्याच्या रुंदीवर दोष ढकलणाऱ्या प्रत्येकाने आधी अपघाताची जागा मोजून पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून संमती देण्यापूर्वी आराखडा मागून घ्या आणि त्यात तीन गोष्टी पाहा: वळणे सरळ होणार आहेत का, मोऱ्या पूर्ण रुंदीच्या व कठड्यासह होणार आहेत का, आणि विजेचे खांब डांबरीकरणाच्या आधी हलणार आहेत का. साडेपाच मीटरमध्ये दोन मोठ्या गाड्यांमध्ये जेमतेम तीस सेंटिमीटर उरतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना मुरमाची दाबलेली साइडपट्टी नसेल तर रुंदीकरणाचा निम्मा उपयोग वाया गेला असे समजा. नदीकाठच्या काळ्या मातीत जुन्या भरावाला पायऱ्या कापून, नवा भराव थराथराने दाबून घ्यावा लागतो. नाहीतर दोन पावसाळ्यांत जुन्या-नव्या सांध्यावर लांबच लांब भेग पडते आणि दुचाकीचे चाक नेमके तिच्यात अडकते. आपल्याकडे गगनबावडा मार्ग पुरात पाण्याखाली जातो, २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. भराव उंच करून मोऱ्या तेवढ्याच ठेवल्या तर पाणी उसात तुंबते, हेही ग्रामसभेत मांडा.

जमिनीबाबत आधी एक अप्रिय गोष्ट. मोजणीत ‘जाणारी’ जमीन पुष्कळदा रस्त्याचीच असते. पिढ्यान्‌पिढ्या बांध कोरून ती शेतात घेतलेली असते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि गाव नकाशाशी ताडून पाहा. जमीन खरोखर आपली निघाली, तर मोबदला हा आपला हक्क आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामीण भागासाठीच्या गुणांकाने गुणलेले बाजारमूल्य, झाडे व बांधकाम यांचे वेगळे मूल्यांकन आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मात्र भूसंपादनासाठी केंद्राचा निधी नसतो. त्यामुळे अशा कामांत संमतीने विनामोबदला जमीन मागितली जाते. द्यायची की नाही, हा आपला निर्णय आहे; तोंडी मात्र देऊ नका. लेखी करा, किती क्षेत्र दिले ते लिहा आणि सातबाऱ्यावर क्षेत्र कमी करून घ्या. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये कोणतीही प्रक्रिया न करता रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीबद्दल एका वृद्ध महिलेला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये भरपाई मिळवून दिली. हक्क बुडत नाही, पण पन्नास वर्षे जातात.

दोन गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. पहिली अशी की, रस्ता गावठाणातून किंवा शाळेसमोरून जात असेल तर तिथे रुंदीपेक्षा वेगावर नियंत्रण अधिक महत्त्वाचे आहे. तिथे गाडी जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर लांबीचा आणि दहा सेंटिमीटर उंचीचा, गोलाईचा गतिरोधक मागा. लोक रातोरात घालतात तो मुरमाचा उंचवटा नको. दुसरी गोष्ट तात्यांविषयी. त्यांच्याकडे एकूण सत्तावीस गुंठेच होते. वळण सरळ केल्यावर रस्त्याच्या पलीकडे एक तिकोनी तुकडा राहणार होता, ज्यात ना नांगर फिरला असता ना पाणी गेले असते. त्यांना त्या तुकड्याचाही मोबदला द्यायला हवा होता, आणि तो देऊ केला गेला नाही. त्यांचा नकार मला आजही चुकीचा वाटतो, परंतु तो हावरटपणाचा नव्हता. दवाखान्यात आबांना ते जे बोलले, ते मात्र मला अजून मान्य नाही.

वळण अजून तसेच आहे. माझा चुलतभाऊ आता थोडा लंगडत चालतो आणि ते शेत तोच पिकवतो. वळणाच्या आतल्या बाजूच्या पाच-सहा सऱ्यांत तो ऊस लावत नाही. तिथे भुईमूग किंवा सोयाबीन घेतो, जेणेकरून मोरीपर्यंतचा रस्ता दुरून दिसावा. तात्यांनी त्याला कधी अडवले नाही. आपल्या बांधालगत वळण असेल, तर मोजणीचा निकाल लागेपर्यंत तेवढे करता येईल. त्यासाठी कोणाचीही संमती लागत नाही.