दबदबा कापून 'प्रभाव' का लिहायचं?

खालच्या मजल्यावरची मुलगी राज्यसेवेचा अभ्यास करते. परवा सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊनच वर आली. "काकू, माझं काय चुकून राहिलं ते सांगा." बलाढ्य राष्ट्रं जगावर पगडा कसा बसवतात आणि तो टिकवतात कसा, असा प्रश्न होता. तिनं लिहिलं होतं, 'दुसऱ्या महायुद्धानंतर जगात अमेरिकेचा दबदबा निर्माण झाला.' तपासणाऱ्या सरांनी 'दबदबा'वर लाल काट मारून वर 'प्रभाव' लिहिलं होतं आणि समासात शेरा, 'बोलीतला शब्द टाळा.' तिचं म्हणणं, दोन्हींचा अर्थ एकच आहे का? नसेल तर इथे कोणता हवा?

एकच नाही. आणि शब्द तिचाच बरोबर होता.

'दबदबा' फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ थाटमाट, ऐश्वर्य. आणखी मागे अरबीत गेलं तर ढोल-नगाऱ्याचा आवाज. स्वारी दिसायच्या आधी नगारा ऐकू येतो आणि लोक आपणहून रस्त्याच्या कडेला होतात. राजानं अजून काहीच केलेलं नसतं. 'दबणे'शी या शब्दाचं नातं नाही, पण मराठी कानाला ते जवळचं वाटलं आणि दबून राहण्याची छटा त्यात आपसूक उतरली. गुंडाचा धाक असतो, शाळेतल्या बाईंचा वचक असतो, वाघाचा दरारा असतो. दबदबा असतो तो ज्याला आवाज चढवावा लागत नाही त्याचा. 'प्रभाव' काय, उन्हाचाही असतो, सिनेमाचाही असतो, कमी दाबाच्या पट्ट्याचाही असतो. कुठेही बसतो, म्हणून उत्तरपत्रिकेत सुरक्षित.

'वर्चस्व' आणि 'प्रभुत्व' हेही तिनं विचारलं, ते थोडक्यात. 'वर्चस्व'च्या मुळाशी संस्कृत 'वर्चस्' आहे, म्हणजे तेज, 'ब्रह्मवर्चस'मधला तोच. 'वर' आणि 'वरचढ'शी त्याचा संबंध नाही, तरी 'वरचस्व' असं लिहिलेलं मी फलकांवरसुद्धा वाचलंय. प्रभुत्व विषयावर, भाषेवर, समुद्रावर असतं. वर्चस्व माणसांवर, गटांवर, देशांवर. 'हेजेमनी'ला वर्चस्व म्हणतात ते चालून जातं, पण मूळ ग्रीक शब्दात पुढारपण आहे. अथेन्स असंच मित्रराज्यांचं पुढारी म्हणून सुरू झालं. या मित्रराज्यांच्या संघाचा खजिना डेलॉस बेटावर होता. इसवी सनपूर्व ४५४ मध्ये तो अथेन्सला हलवला, आणि पुढारपणाचं काय झालं ते मित्रराज्यांना कळलं.

मला खरं बोलायचंय ते 'जरब' या शब्दावर.

आजेसासूबाईंच्या डब्यात एक चांदीचा रुपया होता. तो घेऊन मी नागपुरात इतवारीच्या सराफ्यात गेले होते. म्हाताऱ्या सराफानं तो आधी बोटाच्या टोकावर तोलला, मग दुसऱ्या रुपयानं हळूच टिचकी दिली आणि कान जवळ नेला. नाणं बराच वेळ गुणगुणत राहिलं. "चांदी खरी आहे," म्हणाला. मग भिंग लावून फारसी अक्षरं वाचली. बादशहा शाहआलम, आणि पाठीमागे 'जर्ब फर्रुखाबाद'. जर्ब म्हणजे घाव. हे नाणं फर्रुखाबादेत ठोकलं. अरबीतला हाच घाव मराठीत 'जरब' झाला. टांकसाळीत हातोडा नाण्यावर बसायचा, आपल्याकडे जरब माणसावर बसते.

गंमत पुढेच आहे. तो रुपया शाहआलमच्या टांकसाळीतला नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीचा होता. दिल्ली १८०३ मध्ये कंपनीच्या ताब्यात गेली, शाहआलम १८०६ मध्ये वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये कंपनी १८३५ पर्यंत पाडत राहिली. कारण सरळ होतं, बाजारात ते नाव चालत होतं. फौज कंपनीची, पण दबदबा अजून मेलेल्या बादशहाचा. कंपनीनं तो भाड्यानं घेतल्यासारखा वापरला आणि स्वतःचं बस्तान बसल्यावर इंग्लंडच्या राजाचं तोंड नाण्यावर आणलं.

हे वाचून अमेरिकेकडे बघा. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले आणि चलनं डॉलरला बांधायचं ठरलं. डॉलर सोन्याला बांधलेला, एका औंसाला ३५ डॉलर. १९७१ मध्ये निक्सन यांनी सोन्याची गाठ सोडली. डॉलर तरीही चालत राहिला. आणि चालतो म्हणून जरब बसते. १९५६ मध्ये सुएझ कालव्यासाठी ब्रिटननं फ्रान्स आणि इस्रायलसोबत इजिप्तवर चढाई केली. पौंड घसरू लागला, अमेरिकेनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आधार मिळू द्यायला नकार दिला, आणि ब्रिटिश फौज माघारी फिरली. 'महासत्ता' या अर्थाचा इंग्रजी शब्द १९४४ मध्ये एका पुस्तकानं रूढ केला, त्यात अमेरिका आणि सोव्हिएत रशियाच्या जोडीला ब्रिटनही होता. बारा वर्षांत एक नाव गळलं.

आपलंच उदाहरण हवं तर इराणचं तेल. इराणवरच्या निर्बंधांतून अमेरिकेनं दिलेली सवलत मे २०१९ मध्ये संपली आणि आपण खरेदी थांबवली. आपल्या एकाही जहाजावर कुणी तोफ रोखली नव्हती. डॉलरच्या व्यवहारातून आपल्या बँका आणि तेल कंपन्या बाहेर फेकल्या जातील, ही धास्ती पुरली. याला 'प्रभाव' म्हणायचं म्हणजे चापट खाऊन 'स्पर्श झाला' म्हणण्यासारखं आहे.

एकदा टांकसाळीचा नाद लागला की बाकीचे शब्दही तिकडेच ओढले जातात. छाप पडते, वजन पडतं, चलती असते. हे सगळे काही फक्त नाण्यांवरून आले असा माझा दावा नाही, छाप पत्रावरच्या मोहरेचीही असते आणि वजन तर कशाचंही. पण आपल्या विदर्भात 'त्याचं लय चालते' म्हणतात, तेव्हा नाण्याचं आणि माणसाचं क्रियापद एकच असतं, हे खरं. धाक न दाखवता मन ओढून घेण्याच्या ताकदीला, म्हणजे 'सॉफ्ट पॉवर'ला, 'सौम्य शक्ती' लिहितात, ते मला औषधाच्या बाटलीवरच्या लेबलासारखं वाटतं. आपल्याकडे 'भुरळ' आहे की. या मुलीची धाकटी बहीण मोबाइलवर कोरियन शिकतेय, गाण्यांपायी. तिला सोलहून कुणी हुकूम सोडलेला नाही.

मराठीला हे शब्द दोन्ही बाजूंनी माहीत आहेत, हे मात्र नागपूरकरांनी विसरू नये. १७५१ च्या तहानंतर बंगालच्या नवाबाकडून वर्षाला बारा लाख रुपये चौथाई आमच्या भोसल्यांकडे यायची. आपण तिला चौथाई म्हणत होतो, हक्काची रक्कम असल्यासारखी. बंगालीत आपल्या 'बारगीर'चा, म्हणजे घोडेस्वाराचा, 'बर्गी' झाला, आणि त्या शब्दानं तिकडे पोरं भिववायचे. मग पारडं फिरलं. मे १८१६ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. तैनात म्हणजे नेमलेला, सेवेला दिलेला. फौज इंग्रजांची, खर्च आपला, आणि शब्द ऐकून वाटावं की चाकर आपल्याच दाराशी उभा आहे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि राज्य मांडलिक झालं. १८५४ मध्ये तेही खालसा.

'तैनाती'ची आठवण मला जपानमुळे झाली. अमेरिकी तळांच्या खर्चाचा मोठा वाटा १९७८ पासून जपान सरकार उचलतं, आणि त्या तरतुदीला तिथे लोक 'ओमोइयारी योसान' म्हणतात, म्हणजे आपुलकीचं अंदाजपत्रक. जपान काही मांडलिक नाही, तिथलं सरकार तिथलेच लोक निवडतात. दोन्ही एका मापानं मोजू नयेत. पण बिलावर कोणतं नाव घालायचं याची अक्कल तीच.

एक सूचना जाता जाता, कारण आपल्या गावात हिंदी शेजारीच राहते. 'प्रभाव टाकणे' हे 'प्रभाव डालना'चं भाषांतर आहे. मराठीत प्रभाव पडतो किंवा पाडतात.

सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, "मग सरांना काय सांगू, काकू?" म्हटलं, काही सांगू नको, गुण त्यांच्या हातात आहेत. पुढच्या वेळी 'वर्चस्व' लिही, त्यावर कुणी काट मारत नाही. फक्त रफार नीट दे.